चौदावं रीळ

सिनेमातल्या कॉलेजला स्विमिंग पूल होता.
आमच्या कॉलेजला पाण्याची टाकी होती,
तिच्यात एकदा कबुतर मेलं,
तेव्हापासून नसरीन घरून बाटली आणायची.
तरी आम्ही पाचजणी
त्याच कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाल्यासारख्या बसलो होतो,
भांडुपच्या टॉकीजमध्ये, स्टॉलला, पुढून सहाव्या रांगेत.
वैजूच्या खुर्चीची स्प्रिंग वर आलेली,
म्हणून ती अर्धी माझ्या खुर्चीवर.

हिरो नापास होऊनही देखणा दिसत होता.
हे फक्त सिनेमात जमतं, कुंदा म्हणाली.
तिला अकाउंट्समध्ये केटी लागलेली.
हिरोच्या मुस्काटात बसली तेव्हा मागे व्हायोलिनं वाजली,
कुंदाच्या बसली तेव्हा
शेजारच्या काकूंचा कुकर.

पॉपकॉर्न परवडायचं नाही.
स्टेलाने पर्समधून नाताळचे उरलेले कलकल काढले,
फेब्रुवारीतही कुरकुरीत,
आणि अंधारात डबा फिरत राहिला.

मग हिरॉइन एअरपोर्टला निघाली,
हिरोला चिठ्ठी सापडली,
तो धावला
आणि पडदा पांढरा.

मुलुंडहून रीळ यायचं होतं.
एक प्रिंट, दोन टॉकीज, मधे सायकलवरचा एक पोऱ्या,
कॅरिअरला पत्र्याचे डबे बांधून,
एलबीएस मार्गावर, कंपन्या सुटायच्या वेळेला.
सोनापूरला अडकला असणार, डोअरकीपर म्हणाला.
शिट्ट्या. कुणीतरी मॅनेजरच्या आईची चौकशी केली.
मागून एक म्हातारा समजुतीने म्हणाला,
धावतोय ना तो, पोचेल.

दिवे कुणी लावले नाहीत.
नसरीन म्हणाली, आता खरं सांगायचं, कुणाला कोण आवडलं?
कुंदाला हिरोचे केस.
स्टेलाला त्याचा तो दुष्ट मित्र, मोटरसायकलवाला.
मी म्हटलं, कुणीच नाही. खोटं होतं.
वैजू म्हणाली, मला ती आवडली.

ती कुणाला नाही आवडणार, नसरीन म्हणाली, काय कंबर आहे!

तसं नाही, वैजू म्हणाली.

आमच्या दोघींमधल्या लाकडी दांडीवर
तिचा हात होता, साखरेने चिकट.
मी विचारायचं होतं, मग कसं?
दोन शब्द. पडदा पांढरा होता,
सगळ्यांचे चेहरे पिठासारखे दिसत होते,
आणि मी विचारलं,
स्प्रिंग टोचतेय का गं?
हो, म्हणाली.
हात मांडीवर घेतला.

अकरा मिनिटांनी पोऱ्या पोचला.
टाळ्या पडल्या त्या त्यालाच.
हिरो विनातिकीट एअरपोर्टात घुसला,
त्याच्यासाठी विमान थांबलं,
आम्ही हुंदके देऊन रडलो
आणि वैजू सगळ्यांत जास्त.
अगं वेडे, गोड झालाय शेवट, नसरीन तिला सांगत होती.

वैजू पुढे नोकरीला बडोद्याला गेली.
पत्रिका कधी आली नाही.
दिवाळीला ग्रीटिंग यायचं, खाली दोन सह्या.
दुसरी मी बरीच वर्षं
नीट वाचली नाही.

परवा मुलीच्या लॅपटॉपवर लागला तोच सिनेमा.
बावळट आहे हा हिरो, ती म्हणाली,
फोन नाही का करायचा?
त्याला चिठ्ठी सापडली,
तो धावला,
आणि धावतच गेला, थेट एअरपोर्ट.
मी मागे नेलं. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा एअरपोर्ट.
मधे काही नाही,
एक पांढरी चौकटसुद्धा.
पुन्हा मागे नेलं.

आई, काही सुटलं का तुझं?

थांब जरा, म्हटलं,
पोऱ्या सोनापूरला अडकलाय.